करंट सोडला की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर स्पिन येतात कुठून?

धुळ्याच्या एका एमेस्सीच्या पोराने विचारलंय: "सर, पुस्तकात लिहिलंय की प्लॅटिनमच्या पातळ पट्टीतून करंट सोडला की तिच्या पृष्ठभागावर एकाच दिशेचे स्पिन जमा होतात. मग ती पट्टी चुंबक का होत नाही? करंट तर सगळ्या इलेक्ट्रॉनना सारखाच ढकलतो, त्याला कोणाचा स्पिन कसा ते काय माहीत? आणि हे खरं असेल तर घरच्या वायरीत का होत नाही?"

भाऊ, तिन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि मधला तर एक नंबर आहे, कारण तिथेच सगळी गंमत आहे. मी वीसेक वर्षं धातूच्या फिल्म, म्हणजे अगदी पातळ थर, बनवतोय, त्यांच्यातून करंट सोडतोय आणि नको तिथे नको ते सिग्नल पाहतोय, त्यामुळे जरा लांबड लावतो, चहा घेऊन बस. (स्पिन म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या अंगचं बारकं चुंबकपण, त्याला दिशा असते, एवढं आत्ता धरून चाल.)

आधी एक हिशोब कर, वहीवरच कर. तांब्यात एका घनमीटरमध्ये साधारण ८.५ गुणिले १० चा २८ वा घात एवढे मोकळे इलेक्ट्रॉन. घरच्या दीड स्क्वेअरच्या वायरीतून ५ अँपिअर चालू असेल तर इलेक्ट्रॉनची सरासरी पुढे सरकण्याची गती निघते सेकंदाला पाव मिलिमीटर. गोगलगाय पुढे निघून जाईल. आता आमच्या लॅबमधली पट्टी घे, ५ मायक्रोमीटर रुंद आणि ५ नॅनोमीटर जाड, तिच्यातून अडीच मिलिअँपिअर सोडले की घनता होते चौरस मीटरला १० चा ११ वा घात अँपिअर, म्हणजे एका चौरस मिलिमीटरमधून एक लाख अँपिअर जातील अशी. एवढा अघोरी करंट, तरी तांब्याचाच आकडा धरला तर सरकण्याची गती येते सेकंदाला सातेक मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर, कॉलेजला उशीर झाल्यावर तू सायकल मारतोस तेवढी. आणि तेच इलेक्ट्रॉन आतल्या आत, करंट असो नसो, ताशी ५६ लाख किलोमीटरने इकडेतिकडे धडकत असतात. म्हणजे करंट हा त्या प्रचंड धावपळीत दहा लाखांत पाच भाग एवढाच कल असतो. हा आकडा डोक्यात ठेव, पुढे सगळं एवढंसंच का असतं ते यातून कळेल.

आता तुझा मधला प्रश्न. करंटला स्पिन माहीत नसतो, खरंय. बॅटरीचं विद्युतक्षेत्र चार्ज बघतं, स्पिन बघत नाही. पण वाटेत जे अणू आहेत त्यांना माहीत असतो. इलेक्ट्रॉन एखाद्या जड अणूच्या केंद्रकाजवळून सुसाट जातो तेव्हा तू इलेक्ट्रॉनवर बसून बघ, तुला वाटेल आपण स्थिर आहोत आणि तो एवढा मोठा धन चार्जच शेजारून धावत गेला. धावणारा चार्ज म्हणजे करंट, करंट म्हणजे चुंबकीय क्षेत्र, आणि इलेक्ट्रॉन स्वतः त्याच्या स्पिनमुळे एक बारकं चुंबक आहे, म्हणजे त्याला ते क्षेत्र जाणवणारच. ते क्षेत्र केंद्रकाजवळ जास्त, लांब कमी, म्हणून नुसतं वळण नाही तर बाजूचा धक्काही बसतो, आणि तो धक्का स्पिन वर असेल तर एका बाजूला आणि खाली असेल तर दुसऱ्या बाजूला. याला स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणतात, नाव जड आहे पण गोष्ट एवढीच. (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगर फिरतो असं मात्र परीक्षेत लिहू नको, मी पेपर तपासत असतो तर अर्धा मार्क कापला असता.) असं स्पिननुसार बाजूला फेकणं होतं हे मॉटने १९२९ मध्येच दाखवलं होतं, ते धातूतल्या नाही, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या झोताबद्दल होतं. सेमीकंडक्टरमध्ये करंट सोडला तर कडेला स्पिन साठतील हे भाकीत द्याकोनोव्ह आणि पेरेल या दोन रशियनांनी १९७१ मध्ये केलं, मग जवळपास तीस वर्षं कोणी फार लक्ष दिलं नाही, १९९९ मध्ये हर्शने तीच कल्पना पुन्हा मांडली आणि स्पिन हॉल इफेक्ट हे नाव दिलं, आणि डोळ्याला दिसेल असा पुरावा २००४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये मिळाला.

साध्या हॉल इफेक्टशी याची तुलना करून बघ, तो तुम्ही जर्मेनियमच्या क्रिस्टलवर केलाच असेल. तिथे बाहेरून चुंबक लावतो आणि सगळे चार्ज एकाच कडेला ढकलले जातात, म्हणून कडांमध्ये व्होल्टेज मिळतं. इथे चुंबक नाही. वर-स्पिनवाले डावीकडे, खाली-स्पिनवाले उजवीकडे, दोन्हीकडे सारख्याच संख्येने, म्हणून चार्ज कुठेच साठत नाही आणि मल्टिमीटर शून्य दाखवतो. आडवा प्रवाह आहे पण तो चार्जचा नाही, निव्वळ स्पिनचा आहे. म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं लपून राहिली, मल्टिमीटरवाल्याला ती दिसतच नाही.

आता पृष्ठभाग. हा आडवा स्पिनचा प्रवाह धातूच्या पोटातही चालू असतो, पण तिथे जेवढे इकडून येतात तेवढेच तिकडे जातात, साठत काही नाही. पृष्ठभाग आला की पुढे रस्ता नाही, मग तिथे गर्दी होते. पण ही गर्दी वाढत वाढत जाते का, तर नाही. गळका हौद आठव. नळ सोडला तर पाणी चढतं आणि एका पातळीला येऊन थांबतं, कारण जेवढं येतं तेवढंच भोकातून जातं. इथे नळ म्हणजे स्पिनचा प्रवाह आणि भोक म्हणजे स्पिनचं विसरणं, म्हणजे धडका खाता खाता इलेक्ट्रॉन आपली दिशा विसरतो. प्लॅटिनममध्ये तो फार लवकर विसरतो, जेमतेम काही नॅनोमीटर चालेपर्यंत, वेळेत बोलायचं तर एका पिकोसेकंदाच्या आतच. तांब्यात तोच इलेक्ट्रॉन काहीशे नॅनोमीटर लक्षात ठेवतो. त्यामुळे प्लॅटिनममध्ये हा स्पिनचा थर पृष्ठभागापासून फक्त काही नॅनोमीटर खोल असतो, दुधावरच्या सायीसारखा, आणि करंट बंद केला की तू डोळा मिटायच्या कितीतरी आधी साय गेलेली असते. करंट उलटा केला की स्पिनही उलटे. हे "उलटा केला की उलटे" लक्षात ठेव, माझ्या तीन आठवड्यांची वाट याच्यामुळे लागली होती, ते पुढे सांगतो.

पट्टी चुंबक का होत नाही ते आता तुला कळलंच असेल. करंट पूर्वेकडे धर. पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावर स्पिन उत्तरेकडे तोंड करून साठले तर खालच्या पृष्ठभागावर दक्षिणेकडे तोंड करून साठतात, डाव्या-उजव्या कडांवर एकीकडे वर आणि एकीकडे खाली. गोल वायर असेल तर पृष्ठभागावरचे स्पिन वायरीभोवती गोल रिंगण करून उभे राहतात. सगळ्यांची बेरीज शून्य. करंटने चुंबक बनवलंच नाही, त्याने फक्त निवडानिवड केली, ज्वारी एकीकडे आणि बाजरी एकीकडे, पोत्यातलं धान्य तेवढंच आहे.

आणि किती साठतात? प्लॅटिनमचे बरे आकडे घालून वर सांगितलेल्या करंटला गणित केलं तर पृष्ठभागावर दोन स्पिनमधला ऊर्जेचा फरक येतो दहा-वीस मायक्रो इलेक्ट्रॉनव्होल्ट. खोलीच्या तापमानाची खळबळच २५ मिली इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, हजार पटीहून जास्त. लाख अणूंमागे मोजके दोन-चार स्पिन जास्तीचे, एवढाच सगळा खेळ. जत्रेत लाख माणसं आहेत आणि त्यातली चारच जणं जास्तीची उत्तरेकडे तोंड करून उभी आहेत, ती तुला शोधायची आहेत.

शोधायची कशी? प्लॅटिनम, टंगस्टनसारख्या धातूंवर सरळ बघायचं असेल तर प्रकाश टाकतात. चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची ध्रुवणाची दिशा, म्हणजे त्याच्या लहरी ज्या दिशेत थरथरतात ती, किंचित फिरते, केरने १८७७ मध्ये दाखवलेली गोष्ट. लोखंडावर हे फिरणं मापायला अवघड नाही, पण आपल्या या सायीमुळे होणारं फिरणं असतं नॅनोरेडियनच्या घरातलं. नॅनोरेडियन म्हणजे जवळपास जळगावातून बॅटरी मारून दिल्लीतल्या भिंतीवर उजेड मिलिमीटरभर सरकवायचा. हे प्लॅटिनम आणि टंगस्टनवर नीट मोजलं गेलं २०१७ मध्ये, म्हणजे भाकितानंतर ४६ वर्षांनी. त्याआधी लोक आडवाटेने मोजायचे, म्हणजे शेजारी लोहचुंबकाचा थर ठेवून त्यातून प्लॅटिनममध्ये स्पिन ढकलायचे आणि उलट्या परिणामाने येणारं व्होल्टेज बघायचं, ते २००६ मध्येच जमलं होतं. माझ्या मते आजही विद्यार्थ्याने आडवाटच धरावी.

आता माझी फजिती. तेव्हा मी जिथे होतो तिथे आम्ही ५ नॅनोमीटरची प्लॅटिनमची पट्टी घेतली, एसी करंट सोडला, हिरवा लेझर मारला आणि लॉक-इनवर (ठरवलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेचून मोजणारं यंत्र) करंटच्याच फ्रिक्वेन्सीला मस्त सिग्नल मिळाला, दहा वेळा मोजला दहा वेळा तोच. मी खूश, आलेख काढले, घरी फोनसुद्धा केला. तीन आठवडे असेच गेले. मग आमच्या गाइडनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, लेझर धातूत किती खोल जातो? दहा-पंधरा नॅनोमीटर. मग फिल्म ५ ची असेल तर वरचे उत्तरेकडचे स्पिन आणि खालचे दक्षिणेकडचे स्पिन दोन्ही एकदमच दिसणार आणि जवळपास पुसले जाणार, तर मग तुला एवढा सिग्नल दिसलाच कसा? मी गप्प. दुसरा, करंट सोर्सचा डीसी ऑफसेट बघितलास का? नव्हता बघितला.

झालं असं होतं की तापणं करंटच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून निव्वळ एसी असेल तर तापण्याचा सिग्नल दुप्पट फ्रिक्वेन्सीला जातो आणि आपण निवांत असतो. पण एसीसोबत थोडासा डीसी मिसळलेला असेल तर वर्ग करताना तो मधला दोन-ए-बी वाला भाग येतो की नाही, आठवीच्या गणितातला, तो बरोब्बर करंटच्याच फ्रिक्वेन्सीला येऊन बसतो. म्हणजे मी तीन आठवडे स्पिन नाही, पट्टी तापून तिची चकाकी बदलते ते मोजत होतो. आणि ती तापते किती, तर चौरस मिलिमीटरला वीसेक वॅट या हिशोबाने, म्हणजे इस्त्रीच्या तळापेक्षा काहीशे पट जास्त, फक्त पट्टी एवढीशी असते म्हणून एकूण दोनच मिलिवॅट होतात आणि खालचा सिलिकॉन ते गिळून टाकतो. शेवटी दहा मायक्रोफॅरडचा एक नॉन-पोलर कपॅसिटर रेडिओवाल्याकडून आणून सिरीजमध्ये टाकला, त्याने डीसी अडवला आणि तो सुंदर सिग्नल सपाट झाला. त्या कपॅसिटरला मी अजून टेबलाच्या खणात जपून ठेवलंय.

अजून एक चोर आहे, करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र, शाळेतलं उजव्या हाताच्या अंगठ्याचं. वरच्या आकड्यांना ते पट्टीच्या पृष्ठभागावर येतं ०.३ मिलिटेस्ला, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सात-आठ पट. हा चोर जास्त लबाड, कारण करंट उलटा केला की हाही उलटा होतो आणि याचीही दिशा वायरीभोवती गोलच असते, अगदी आपल्या स्पिनसारखी. शेजारी चुंबकाचा थर असेल तर दोघांना वेगळं करणं हे अर्धं काम असतं. पण एक फरक आहे, अंगठ्याच्या नियमाला धातू कोणता आहे याचं देणंघेणं नाही. स्पिनला आहे. प्लॅटिनममध्ये वरचे स्पिन एका दिशेला असतील तर टँटलम आणि टंगस्टनमध्ये त्याच करंटला वरचे स्पिन विरुद्ध दिशेला. का, तर ढोबळमानाने प्लॅटिनमचं डी-कवच (अणूतला इलेक्ट्रॉनचा एक बाहेरचा कप्पा) अर्ध्याहून जास्त भरलेलं आणि या दोघांचं अर्ध्याहून कमी. म्हणून शहाणा माणूस एकाच मापाचे दोन सँपल बनवतो, एक प्लॅटिनमचं आणि एक टंगस्टनचं, आणि चिन्ह बदललं तरच विश्वास ठेवतो.

इथपर्यंत जे सांगितलं ते धातूच्या पोटात घडतं आणि पृष्ठभागावर फक्त दिसतं. पण काही धातूंत पृष्ठभागाचं स्वतःचंही खातं असतं, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सोनं आहे, म्हणजे आपल्या जळगावच्या सराफ बाजाराचाच माल म्हण ना. सोन्याच्या एका ठरावीक चेहऱ्यावर, षटकोनी रचनेचा जो असतो त्याच्यावर, काही इलेक्ट्रॉन असे असतात की ते आत जात नाहीत आणि बाहेरही जात नाहीत, पृष्ठभागावरच फिरतात. त्यांच्या खाली सगळे अणू आणि वर निर्वात पोकळी, म्हणजे वर-खाली सारखं नाही. अशा ठिकाणी स्पिन मोकळा राहत नाही, इलेक्ट्रॉन ज्या दिशेला धावतो त्याला काटकोनात, पृष्ठभागातच आडवा होऊन बसतो. बैलजोडीचं जू बघ, बैल पूर्वेला चालले की जू उत्तर-दक्षिण, उत्तरेला वळले की जू पूर्व-पश्चिम, आणि बैल पूर्ण मागे फिरले की जूचं जे टोक उत्तरेला होतं ते दक्षिणेला. तसंच. याला रश्बा या शास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे, आणि यामुळे उलट स्पिनच्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा वेगळ्या होतात, सोन्याच्या पृष्ठभागावर ही फाटाफूट १९९६ मध्ये प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून प्रत्यक्ष बघितली गेली. चांदीच्या तशाच चेहऱ्यावर तसेच इलेक्ट्रॉन असतात पण फाटाफूट अगदीच किरकोळ, कारण चांदीचा अणुक्रमांक ४७ आणि सोन्याचा ७९. इथे पुस्तकं एक घोटाळा करतात, ती म्हणतात पृष्ठभागावरच्या विद्युतक्षेत्रामुळे हे होतं, पण नुसतं ते क्षेत्र घेऊन गणित केलं तर उत्तर कितीतरी पटीने कमी येतं, खरी ताकद केंद्रकाजवळच्या जबर क्षेत्रातून येते आणि पृष्ठभाग फक्त समतोल बिघडवतो.

करंट नसताना जेवढे पूर्वेला तेवढेच पश्चिमेला, म्हणून जू-जू वजा होऊन शून्य. करंट सोडला की पूर्वेला जाणारे किंचित जास्त, तेच ते दहा लाखांत पाच वगैरे, आणि पृष्ठभागावर निव्वळ स्पिन उरतो. एडेलस्टाइनने १९९० मध्ये हे गणिताने मांडलं. यात एक खोच आहे, अशी उलटसुलट जू असलेली दोन रिंगणं असतात आणि ती एकमेकांचं बरंचसं पुसतात, एक जरा मोठं असतं म्हणून थोडं उरतं. आणि इथे कोणी वर-खाली निवडानिवड केलेली नाही, तर हा जास्तीचा स्पिन कुठून आला असं कोणी विचारलं तर उत्तर, स्फटिकाच्या जाळीकडून उसना घेतला. (सराफाकडच्या अंगठीवर हे बघायला जाऊ नको, तिच्यावर बोटाचं तेल, आतमध्ये तांबं, आणि हजारो बारके दाणे वेगवेगळ्या तोंडांनी. हे प्रयोग अतिनिर्वातात ताज्या घासून-तापवून साफ केलेल्या एकाच स्फटिकावर करतात.)

मग प्लॅटिनमवर कोबाल्टचा थर ठेवून करंट सोडला तर कोबाल्टला जो धक्का बसतो तो पोटातल्या प्रवाहाचा की सांध्यावरच्या या जूचा? याच्यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. २०११ मध्ये प्लॅटिनम-कोबाल्टच्या ठिपक्याचं चुंबकत्व नुसत्या आडव्या करंटने उलटवून दाखवलं तेव्हा त्यांनी श्रेय बरंचसं रश्बाला दिलं, २०१२ मध्ये टँटलमवाल्यांनी तेच करून श्रेय पोटातल्या स्पिन हॉलला दिलं. माझं मत विचारशील तर नॅनोमीटरभर जाडीला "पोट" आणि "कातडी" असा फरक करणंच जरा हट्टाचं आहे, पण जाडी वाढवत नेली की धक्का वाढून मग सपाट होतो हे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिलंय, त्यामुळे बहुतेक ठिकाणी मी पोटाच्या बाजूने मत देतो. आणि आता तर तिसरा वाटेकरी आलाय, ऑर्बिटल हॉल, म्हणजे स्पिन नाही तर इलेक्ट्रॉनची कक्षेतली फिरकीच बाजूला वाहते, ते २०२३ मध्ये टायटॅनियमसारख्या हलक्या धातूत प्रकाशाने दिसलं. त्यामुळे "जड धातूच पाहिजे" हे वाक्य मी आता क्लासमध्ये जरा दबक्या आवाजात म्हणतो.

एवढ्याशा स्पिनने कोबाल्टचं चुंबक उलटं तरी कसं होतं, हे तू विचारलं नाहीस पण विचारायला पाहिजे होतं. प्लॅटिनममध्ये चार्जच्या प्रवाहाच्या साधारण दहावा भाग स्पिनचा आडवा प्रवाह होतो, आकड्यांवरून लॅबालॅबांत वाद आहेत पण पाच ते वीस टक्क्यांच्या दरम्यान धर. बीटा टंगस्टनमध्ये (टंगस्टनचे अणू वेगळ्या रचनेत बसलेली एक जात, नेहमीची ती अल्फा) तीस टक्क्यांपर्यंत. आता पांझरेकाठचे ते जुने फड पद्धतीचे पाट बघितलेस का, मातीचे, बिनअस्तराचे? चार फूट रुंद आणि दोन फूट खोल पाट धर. पाण्याला पुढे जायला जागा आठ चौरस फूट, पण किलोमीटरभर पाटाचा नुसता तळच तेरा हजार चौरस फूट. त्यामुळे प्रत्येक फुटाला जिरणं नावापुरतं असलं तरी शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळेपर्यंत निम्मं गायब. आमचे आप्पा म्हणायचे, "पानी जास सरळ, पन जिरस कोठे ते कोनले दिसत नई." अगदी तेच. करंट जातो ५ नॅनोमीटर जाडीतून, पण स्पिन झिरपतो पट्टीच्या सगळ्या लांबीवर, आणि वरचं चुंबक १०० नॅनोमीटर लांब असेल तर झिरपायची जागा वीस पट, तिला दहा टक्क्यांनी गुणलं तरी दोन. म्हणजे एक इलेक्ट्रॉन पट्टीतून जाता जाता दोन इलेक्ट्रॉनएवढा स्पिन देऊन जातो, कारण तो पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा येऊन भिडतो, दर खेपेला थोडा स्पिन टाकतो आणि जाळीकडून परत भरून घेतो. स्पिन-ऑर्बिट टॉर्कवाली चुंबकीय मेमरी याच्यावरच उभी आहे, तिच्यात लिहिण्याचा करंट वरच्या नाजूक ऑक्साइडच्या थरातून न्यावाच लागत नाही, खालून आडवा जातो, म्हणून तो थर टिकतो.

घरच्या वायरीचं उत्तर आता दोन ओळीत. तांब्याचा अणुक्रमांक २९, आडवं फेकणं प्लॅटिनमच्या मानाने नगण्य, आणि करंटची घनता आमच्या पट्टीच्या तीस हजाराव्या भागाएवढी. दोन्ही गुणले की उरतं काहीच नाही. होत नाही असं नाही, पण ते मोजणारा अजून जन्माला यायचाय.

तुला प्रोजेक्टला हे करायचं असेल तर एक सांगतो. फिल्म हातात आली की पहिल्यांदा चार टोकांनी तिचा रेझिस्टन्स मोज, बाकी काही करू नको. टंगस्टनची फिल्म बीटा जातीची असेल तर रोधकता दीडशे-दोनशे मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या पुढे येते, आणि तीसेक आली तर ती अल्फा झालेली आहे, तिच्यात स्पिनची जादू बरीच कमी. बीटा पातळ फिल्ममध्येच टिकते, जाड केली की अल्फा व्हायला बघते, आणि कधी कधी तर कपाटात ठेवल्या ठेवल्या बदलते. मागच्या पावसाळ्यात माझ्या एका पोरीने दोन महिने जुनं सँपल मोजायला घेतलं आणि सिग्नल गेला म्हणून रडकुंडीला आली, रेझिस्टन्स मोजला तर एक तृतीयांश झालेला. आणि तुमच्या लॅबमधल्या जर्मेनियमच्या हॉल प्रयोगात चुंबक उलटं करून दोन्ही रीडिंगची वजाबाकी घेतोस की नाही? समोरासमोरचे टोचे कधीच बरोबर समोरासमोर नसतात, त्यामुळे चुंबक नसतानाही व्होल्टेज दिसतं, ते या वजाबाकीत जातं. ते प्रामाणिकपणे न करता मागच्या बॅचच्या जर्नलमधून आकडे उतरवले असतील तर आधी तो प्रयोग पुन्हा कर, मग फिल्मचे रेझिस्टन्सचे आकडे आणि जाडी मला पाठव, बीटा आहे की अल्फा ते मी सांगतो.